निसर्गचित्रात लांबचे डोंगर लांब का जात नाहीत?

कोराकागद

नमस्कार मंडळी. कॅनव्हास बोर्ड 12 × 16 इंच, माध्यम अ‍ॅक्रिलिक. समोर गवताळ चढ आणि दोन झाडं, मध्ये शेतं आणि त्यांच्या कडेने झाडांची रांग, मागे डोंगरांच्या तीन रांगा, वर दुपारचं निरभ्र आकाश. सगळ्यात मागच्या रांगेला कोबाल्ट ब्लू आणि पांढरा, मधल्या रांगेला तेच मिश्रण पण कोबाल्ट जास्त, अलीकडच्या रांगेला सॅप ग्रीनमध्ये अल्ट्रामरीन. 'लांबचं ते निळं आणि फिकं' हा नियम पाळलाय. तरीही मागचा डोंगर पुढे उडी मारतो आणि तिन्ही रांगा कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. फोटो काळा-पांढरा करून पाहिला, तर समोरचं गवत आणि मधली शेतं एकाच करड्या टोनची (उजळ-गडदपणाची) निघाली. पुन्हा पहिल्यापासून रंगवायचं, की आहे त्यावरच काही करता येईल?

गेरू_आणि_काव

वाचवता येईल. पण आधी निदान.

घोळ त्या नियमातच आहे. लांबची वस्तू निळी होते हे अर्धवट सत्य आहे. लांबची वस्तू तिच्या मागे क्षितिजालगत जे आकाश आहे त्याच्या रंगाकडे सरकते. दुपारी ते आकाश फिकट निळसर-करडं असतं, म्हणून डोंगर निळसर दिसतात. संध्याकाळी ते केशरी असतं, तेव्हा सूर्याच्या बाजूचे डोंगर केशरी-जांभळट होतात. धुक्यात ते पांढरट-राखाडी असतं, डोंगरही तसेच. तुमच्या मागच्या डोंगरात कोबाल्ट आणि पांढरा एवढंच आहे. म्हणजे तो त्याच्यामागच्या आकाशापेक्षा जास्त निळा झालाय. आकाशापेक्षा भडक असलेली गोष्ट आकाशाच्या जवळ जाणार कशी? म्हणून ती उडी.

मी ज्याला 'हवेचा रंग' म्हणतो तो पॅलेटवर सगळ्यात आधी कालवायचा. दुपारच्या निरभ्र आकाशासाठी साधारण असा: टायटॅनियम व्हाइट दहा भाग, सेरुलियन ब्लू एक भाग, यलो ऑकर पाव भाग, आणि सुरीच्या टोकाने लाइट रेडचा (विटकरी लाल) एक कण. ऑकर आणि लाल नसेल तर तो रंग नुसता 'बेबी ब्लू' होतो, आणि चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसायला लागतं. सेरुलियनऐवजी थॅलो ब्लू असेल तर एक भागाऐवजी त्याचा दहावा हिस्सासुद्धा पुष्कळ होतो. थॅलोची रंगवण्याची ताकद फार आहे, तेव्हा तो आधी पांढऱ्यात मारून घ्या आणि मगच वापरा.

हाच रंग क्षितिजालगतच्या आकाशाला लावायचा आणि हाच प्रत्येक रांगेच्या मूळ रंगात वाढत्या प्रमाणात मिसळायचा. सगळीकडे एकच हवा पसरली की चित्र आपोआप एकत्र येतं.

धूसर

गेरू यांच्या मुद्द्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही.

आपल्या आणि डोंगराच्या मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक, डोंगराकडून येणारा प्रकाश वाटेत गळत जातो. दोन, मधली हवा स्वतःच उजळलेली असते आणि तिचा प्रकाश डोळ्यात भर घालतो. काळोख्या वस्तूकडून मुळातच फारसं काही येत नाही, त्यामुळे तिथे दुसरी गोष्ट वरचढ ठरते: काळे भाग उजळतात आणि निळे होतात. पांढऱ्या वस्तूच्या बाबतीत पहिली गोष्ट वरचढ ठरते. तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग जास्त गळतो, म्हणून लांबचं बर्फ किंवा क्षितिजाजवळचे ढग किंचित पिवळट, मलईसारखे दिसतात. म्हणजे 'लांबचं सगळं निळं करा' हा सल्ला पांढऱ्या वस्तूंना लावला तर उलटा पडतो.

हवेच्या रेणूंकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. धूळ आणि पाण्याचे थेंब मात्र आकाराने मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून दमट किंवा धुळकट हवा पांढरट-करडी दिसते. निळाई हवी की करडेपणा, हे चित्रातल्या हवेत काय तरंगतंय यावर ठरवा.

चौथारंग

@धूसर, हे झालं रंगाचं. टोन किती उजळवायचा? पाच टप्पे केले तर प्रत्येक टप्प्यात सारखंच अंतर ठेवायचं ना?

धूसर

सारखं अंतर ठेवलं की चित्र फसतं. हा सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे, त्यामुळे जरा आकडेमोड करतो.

हवेतून जाताना प्रत्येक समान अंतराला कॉन्ट्रास्टचा (वस्तू आणि आकाश यांच्या उजळपणातल्या फरकाचा) समान *हिस्सा* जातो, समान *रक्कम* नाही. चक्रवाढीने घट, असं म्हणा. कॉन्ट्रास्ट 2 टक्क्यांवर आला की वस्तू आकाशात विरली असं धरायची पद्धत आहे, आणि त्या अंतराला दृश्यता म्हणतात. समजा दृश्यता 20 किलोमीटर आहे. मग मूळ कॉन्ट्रास्टपैकी 1 किलोमीटरवर सुमारे 82 टक्के उरतो, अडीच किलोमीटरवर 61, पाचवर 38 आणि दहावर 14.

आता मुन्सेल या रंगमापन पद्धतीच्या 0 ते 10 टोनपट्टीवर बघा. 0 काळा, 10 पांढरा. क्षितिजाचं आकाश 8 धरा आणि झाडांच्या सावलीतला सगळ्यात गडद भाग 2 धरा. घाई केली तर असं वाटेल की फरक 6 आहे, त्याचे टक्के काढले की झालं. पण ही पट्टी डोळ्याला समान वाटणाऱ्या टप्प्यांची आहे, प्रकाशाच्या प्रमाणाची नाही. 8 म्हणजे सुमारे 59 टक्के परावर्तन आणि 2 म्हणजे जेमतेम 3 टक्के. टक्के परावर्तनावर काढून परत पट्टीवर आलं, तर तोच गडद टोन असा उजळत जातो:

जवळ: 2
1 किमी: साधारण 4.2
2.5 किमी: 5.5
5 किमी: 6.6
10 किमी: 7.5

पहिल्या एका किलोमीटरमध्ये दोनहून जास्त टप्पे उडी, आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जेमतेम एक. बहुतेक चित्रांत नेमकं उलट असतं. समोरून मध्यभागापर्यंत टोन जवळपास हलतच नाही आणि मागच्या डोंगरांत एकदम मोठमोठे टप्पे पडतात. कोराकागद यांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत गवत आणि शेतं एक झाली ती याचमुळे.

गेरू_आणि_काव

अनुमोदन. फक्त हे आकडे आज्ञा म्हणून घेऊ नका. ते फक्त गडद भागांचे आहेत आणि एका ठरावीक दिवसाचे आहेत. पावसाने हवा धुऊन निघाली असेल, किंवा उंच कोरड्या प्रदेशात, दहा किलोमीटरवरचा कडाही हाताशी असल्यासारखा दिसतो. तिथे खोली हवेवर टाकता येत नाही, ती आकार आणि एकावर एक येणाऱ्या कडांमधूनच आणावी लागते. पण आकड्यांमधला उतार लक्षात ठेवा: आधी मोठी उडी, मग लहान लहान.

ओलावॉश

जलरंगवाल्यांसाठी भर घालतो, कारण आमच्याकडे पांढरा मिसळायची सोय नाही.

कागद 300 जीएसएम, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). बोर्ड 10 ते 15 अंश तिरका. आकाश आधी ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग: वर अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट, खाली येताना पाणी वाढवत नेऊन क्षितिजालगत यलो ऑकरचा इतका फिका वॉश (पातळ रंगाचा थर) की आहे की नाही असं वाटावं. सगळ्यात मागचा डोंगर केव्हा टाकायचा, हाच खरा प्रश्न. कागदाकडे तिरक्या नजरेने बघा. पाण्याची चमक आहे तोवर थांबा, नाहीतर डोंगर आकाशात पसरेल. चमक गेली पण कागद हाताला गार लागतोय, तेव्हा टाका. कड मऊ येते. पूर्ण सुकल्यावर टाकलात तर कड धारदार येईल आणि लांबच्या डोंगराला धार नको असते.

या अर्धओल्या कागदावर ब्रशमध्ये वॉशपेक्षा जास्त पाणी असता कामा नये. कागदावरच्या ओलीपेक्षा ब्रश जास्त ओला असला की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात. ब्रश चिंधीवर एकदा टेकवा आणि मग लावा.

मागच्या डोंगराला कोबाल्टमध्ये थोडा लाइट रेड. मधल्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसून पोत येतो, आणि तो पोत मागच्या डोंगराला आला तर डोंगर जवळ येतो. म्हणून अल्ट्रामरीन मध्यापासून पुढे वापरा. जलरंग सुकल्यावर फिकट होतो, त्यामुळे ओला असताना हवा त्यापेक्षा एक टप्पा गडद दिसला पाहिजे. कडेला त्याच कागदाचा एक तुकडा ठेवून प्रत्येक मिश्रण आधी त्यावर सुकवून बघा.

आणि एक अगदी महत्त्वाची गोष्ट: प्रत्येक रांग वर गडद, खाली फिकी. दरीत हवा जास्त दाट असते, धूर आणि ओल तिथेच साचते. डोंगराचा माथा रंगवून झाला की लगेच स्वच्छ ओल्या ब्रशने खालची कड विरवून टाका. ते सुकल्यावर पुढच्या रांगेचा गडद माथा त्या फिक्या पायथ्यावर बसतो. मधली दरी न रंगवताच दिसते.

कोराकागद

हे 'वर गडद, खाली फिकी' अ‍ॅक्रिलिकमध्ये कसं जमवायचं? रंग दोन मिनिटांत सुकतो, विरवायला वेळच मिळत नाही.

अर्धाटोन

तीन मार्ग आहेत. रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला, पण बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या पुढे जाऊ नका, नाहीतर थर चिकट राहतो. दुसरा मार्ग, आधीच तीन टोन कालवून ठेवा आणि वरून खाली पट्ट्या लावून त्यांच्या सीमा कोरड्या, जवळजवळ रिकाम्या ब्रशने घासून घ्या. तिसरा आणि तुमच्या चित्राला सर्वांत सोयीचा: ग्लेझिंग मिडियमने (रंग पारदर्शक करणारं द्रव) पातळ पडदा. त्याबद्दल गेरू सविस्तर सांगतीलच. स्प्रे बाटलीने पाणी मारत बसू नका. बोर्डवर थेंबांचे डाग पडतात आणि रंगातला बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा पदार्थ) पातळ होऊन थर दुबळा होतो.

अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतो, जलरंगाच्या बरोबर उलट. ओला बाइंडर दुधाळ असतो, सुकला की पारदर्शक होतो. तेव्हा लांबच्या रांगा अर्धा टप्पा फिक्या कालवा. पोस्टर कलर किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) असेल तर आणखी गंमत: गडद रंग सुकून फिके होतात आणि फिके रंग गडद, म्हणजे दोन्हीकडून कॉन्ट्रास्ट खातो. शिवाय खालचा थर पाणी लागताच उठतो. तिथे पडदा देण्याच्या भानगडीत पडू नका, थेट योग्य टोन दाट लावा आणि हात आवरा.

चौथारंग

माझा एक मूलभूत आक्षेप आहे. 'उष्ण रंग पुढे, शीत रंग मागे' असं सगळीकडे शिकवतात. गेरू म्हणताहेत की संध्याकाळी लांबचे डोंगर केशरी. मग मागे केशरी आणि पुढे सावलीतलं निळसर गवत, असं चित्र उलटं नाही का पडणार?

गेरू_आणि_काव

नाही पडत, कारण खोली टोन आणि कॉन्ट्रास्टमधून येते. उष्ण-शीत हा त्यानंतरचा हिशेब. सूर्याकडे तोंड करून पाहिलं तर धूलिकण प्रकाश पुढच्या दिशेला, म्हणजे आपल्याच डोळ्याकडे, जास्त फेकतात. त्यामुळे त्या बाजूची हवा फार दाट आणि उजळ दिसते आणि डोंगर लवकर विरतात. पाठ सूर्याकडे केली की तीच हवा जास्त स्वच्छ वाटते आणि लांबचे डोंगर निळे राहतात. इंग्रज चित्रकार टर्नरची उत्तरकाळातली चित्रं बघा: लांबचा भाग पिवळाजर्द उजेडात विरलेला, तरीही मैलोन्‌मैल मागे. पिवळा पुढे येत नाही, कारण तिथे कॉन्ट्रास्टच उरलेला नाही.

'उष्ण पुढे, शीत मागे' याच धर्तीचा तपकिरी-हिरवा-निळा तीन पट्ट्यांचा हिशेब ही जुनी फ्लेमिश चित्रशाळांची युक्ती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पातिनीर या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्रांत ती उघड दिसते: समोर तपकिरी, मध्ये हिरवं, मागे निळसर. सुंदर आहे, पण ते तयार सूत्र आहे. समोरच्या हवेचा तो अभ्यास म्हणून घेऊ नका.

जाता जाता: छापलेल्या पुस्तकातल्या सतराव्या शतकातल्या डच निसर्गचित्रांचा हिरवा रंग नमुना म्हणून घेताना जपून. तिथली काही झाडं आज निळी दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा 'लेक' (रंजकापासून केलेला) रंग उजेडाने उडाला आणि खालचा निळा तेवढा उरला.

पानंगणती

हिरव्यावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. निसर्गचित्रं बिघडतात ती बहुतेक हिरव्याने.

ट्यूबमधला सॅप ग्रीन समोर, मध्ये, मागे सगळीकडे वापरला की कितीही पांढरा घाला, मूळ रंग एकच राहतो आणि डोळा ते ओळखतो. अंतर वाढेल तसा हिरव्यातला पिवळा आधी काढून घ्यायचा, मग लाल, आणि निळा सगळ्यात शेवटपर्यंत. रंगवताना:

समोर: कॅडमियम यलो आणि अल्ट्रामरीन, त्यात बर्न्ट सिएना. उन्हाच्या बाजूला पिवळा वाढवा, सावलीत सिएना.
मध्ये: कॅडमियमच्या जागी यलो ऑकर, निळ्याच्या जागी कोबाल्ट, आणि अंदाजे एक चतुर्थांश हवेचा रंग.
लांबची झाडं: ऑकर नावालाच, हवेचा रंग निम्म्याहून जास्त. हे मिश्रण पॅलेटवर हिरवं वाटतच नाही, करडं वाटतं. चित्रात गेल्यावर शेजारच्या रंगांमुळे ते हिरवं दिसतं. पॅलेटवर हिरवं दिसेपर्यंत पिवळा घालत बसलात तर चित्रात पोपटी होणार.

प्रमाणावर आंधळा भरवसा नको, रंगागणिक ताकद बदलते. सुरीच्या पात्यावर मिश्रण घ्या आणि चित्रातल्या आकाशाला पातं टेकवून एक डोळा मिटून बघा. पात्यावरचा रंग आकाशापेक्षा किती गडद आहे ते लगेच कळतं.

लांबचं लाल कौल किंवा लाल माती असेल तर तीही करडट गुलाबी होते. शुद्ध लाल ठिपका मागे टाकलात की तिथे भोक पडल्यासारखं होतं.

अर्धाटोन

+1. त्यातच सावल्यांचं घाला. लांबच्या डोंगरावर ऊन आणि सावली यांत फरक अर्ध्या ते एका टप्प्याचाच ठेवा. सावल्या निळसर, उन्हाची बाजू किंचित गुलाबी-ऑकर. सगळा डोंगर एकाच निळ्याने भरला की तो पुठ्ठा होतो. कोराकागद यांचं 'कापून चिकटवलेलं' बरंचसं इथूनही येतंय.

ओलावॉश

कडांबद्दल. सगळ्यात मागच्या रांगेची कड सगळीकडे सारखी मऊ करायची नाही. तेही कृत्रिमच दिसतं. एका ठिकाणी ती आकाशात पार हरवू द्या, एका ठिकाणी जरा स्पष्ट ठेवा. मधली रांग थोडी जास्त स्पष्ट. धारदार कड, कोरड्या ब्रशचा खरखरीत पोत, सुटी गवतपाती, हे सगळं समोरच्या भागात, आणि तिथेही एक-दोनच ठिकाणी, जिथे नजर थांबवायची आहे तिथे.

बारकावे कमी करायचे म्हणजे लांबची झाडं लहान ब्रशने लहान काढायची असं नव्हे. लांबची झाडी एक पट्टा होते, त्यात झाड नसतंच. अर्ध्या इंचाच्या फ्लॅट ब्रशच्या कडेने एक ओढ, वरची बाजू किंचित वरखाली, संपलं. शून्य नंबरचा ब्रश घेऊन तिथे पानं टिपली की सगळी हवा निघून गेली म्हणून समजा.

चौथारंग

आणि आकाश? ते सपाट निळं चालतं का?

धूसर

नाही. माथ्यावर हवेचा थर पातळ, क्षितिजाकडे बघताना नजर कितीतरी जाड थरातून जाते. म्हणून वर गडद, शुद्ध निळं आणि खाली उजळ, करडट. माथ्याला 5.5 ते 6 टोन आणि क्षितिजाला 8, असं ठेवून बघा. रंगही बदलतो: वर अल्ट्रामरीनकडे झुकणारा, मधे सेरुलियनकडे, तळाशी मलईकडे. हा उतार चुकला तर खाली डोंगर कितीही नीट केलेत तरी ते बसणार नाहीत, कारण ज्या रंगाकडे त्यांना सरकायचं आहे तोच जागेवर नसतो.

ढगांनाही हेच लागू. डोक्यावरचे मोठे, त्यांचा तळ दिसतो, पांढरा आणि करडा यांत फरक मोठा. क्षितिजाकडे ते लहान, चपटे, एकावर एक सरकलेले, मलईसारखे, तळ जेमतेम गडद. मागच्या ढगाला शुद्ध पांढरा लावला की तो सगळ्यात पुढे येऊन बसतो. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने 1821 आणि 1822 मध्ये नुसत्या आकाशाचे ढीगभर अभ्यास केले. ढगांची ही उतरंड समजून घ्यायला ते उत्तम.

पानंगणती

जमिनीच्या टोनबद्दल एक सोपा नियम, हवेचा हिशेब त्याच्यावर चढवायचा. उघड्या आकाशाखाली आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल कारण तिच्यावर वरून उजेड पडतो, उतार त्याहून गडद आणि उभी झाडं सगळ्यात गडद. बर्फ, वाळू, पांढरी भिंत हे अपवाद. हा क्रम समोर ठळक, मध्ये मंद आणि मागे जवळजवळ नाहीसा. कोराकागद, तुमचं समोरचं गवत चढावर आहे आणि शेतं सपाट आहेत. म्हणजे हवा बाजूला ठेवली तरी शेतं गवतापेक्षा उजळच हवीत.

कोराकागद

सगळ्यांचे आभार. संदर्भ फोनवर काढलेला फोटो आहे, त्यात डोंगर चांगले ठळक निळे दिसतात. तो चुकीचा म्हणायचा का?

अर्धाटोन

त्याच्यावर विसंबू नका. अनेक फोन स्वतःच कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि धूसरपणा कमी करतात, रंगही भडक करतात. त्याउलट समोरच्या सावल्या काळ्याकुट्ट होऊन त्यातला रंग जातो. फोटो फक्त आकारांसाठी वापरा, टोन आणि रंग आधी कागदाच्या छोट्या तुकड्यावर पाच पट्ट्यांत जागेवर टिपून ठेवा. जागेवर जाणं शक्य नसेल तर फोटोमधल्या डोंगरांना धूसरच्या आकड्यांप्रमाणे उजळवा. आणि टेलिफोटोने काढलेल्या फोटोत डोंगर मोठे आणि एकमेकांना चिकटलेले दिसतात. तशी मांडणी असेल तर खोलीसाठी हवा आणखीच दाट ठेवावी लागते.

गेरू_आणि_काव

आता चित्र वाचवण्याचं. पांढरा पातळ थर गडद रंगावर दिला की तो आपोआप निळसर दिसतो. हवेतही हेच घडतं, त्यामुळे परिणाम खरा वाटतो. पण त्यामुळे पडद्याचा रंग हवेच्या रंगापेक्षा किंचित उष्ण कालवावा लागतो, नाहीतर आधीच निळा असलेला तुमचा डोंगर आणखी निळा होईल. ऑकर दुप्पट करा आणि लाइट रेड थोडा वाढवा.

क्रम असा:

आधी आकाशाची तळपट्टी दुरुस्त करा आणि सुकू द्या. मग वर सांगितलेला रंग एक भाग, ग्लेझिंग मिडियम पाच ते सहा भाग. रुंद मऊ ब्रशने तिन्ही रांगांवर एक पातळ हात, आकाशाची कड किंचित ओलांडून. पूर्ण सुकू द्या. मग फक्त मागच्या दोन रांगांवर दुसरा हात. मग फक्त शेवटच्या रांगेवर तिसरा. असं केलं की मागची रांग तीन पडद्यांखाली जाते, मधली दोन, अलीकडची एक. कडाही आपसूक मऊ होतात. प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी, ओलं असतानाच, त्याच रंगाचा थोडा दाट हात देऊन वरच्या बाजूला विरवा.

मधल्या शेतांना पडदा देऊ नका. तिथे अडचण टोनची आहे, ती पडद्याने भागणार नाही. शेतं ऑकर आणि कोबाल्टच्या मिश्रणाने समोरच्या गवतापेक्षा दीड-दोन टप्पे उजळ अशी नव्याने रंगवा. समोरचं गवत थोडं गडद केलंत तरी चालेल, तिथे सावलीची एक पट्टी आडवी टाकलीत तर शेतं आणखी मागे जातील.

ओलावॉश

तैलरंगात हेच करणाऱ्यांसाठी: खालचा थर स्पर्शाला कोरडा होईपर्यंत थांबा, आणि पडद्यातलं तेल खालच्या थरापेक्षा जास्त असू द्या, नाहीतर वरचा थर आधी कडक होऊन भेगा पडतात. झिंक व्हाइट जास्त पारदर्शक म्हणून मोह होतो, पण तेलात त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो. टायटॅनियमच पातळ करून वापरा.

कोराकागद

समोरची दोन झाडं डोंगरांवरून वर आकाशात गेली आहेत. पडदा देताना त्यांच्या फांद्यांवरही बसणार. त्या आधी झाकू का?

गेरू_आणि_काव

झाकू नका. टेपने झाकलंत तर फांद्यांभोवती जुन्या निळ्याची बारीक किनार उरते आणि नंतर तीच नजरेत भरते. पडदा फांद्यांवरून सरळ जाऊ द्या, तिन्ही हात सुकल्यावर खोड आणि फांद्या अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाच्या गडद मिश्रणाने पुन्हा काढा. त्यात पांढरा अजिबात नको. पानांमधल्या आकाशाच्या फटी शेवटी भरा, त्या फटींचा रंग मोकळ्या आकाशापेक्षा अर्धा टप्पा गडद ठेवा. बारीक फटीतलं आकाश भोवतालच्या फांद्यांमुळे तसंच दिसतं. तिथे तोच उजळ रंग लावला तर फटी ठिपक्यांसारख्या चमकतात आणि झाडाचा घेर तुटतो.